ओळीचं शेपूट

लियाँ, रविवार

प्रिय आई,

मी बरी आहे. खोली उबदार आहे, वेळेवर जेवते.

इथल्या गायकवृंदाने आपलं सफरचंदं वेचतानाचं गाणं चार आवाजांत बसवलंय. काल पुढे गाणाऱ्यांची ओळ संपायच्या आतच मी सवयीने तिचं शेपूट धरलं, शेवटचे शब्द त्यांच्याबरोबरच म्हणत पुढची ओळ उचलली. सगळे थांबले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आनिक, घाई कसली? त्यांना संपवू दे की."

आपल्याकडे दोन ओळींत शांतता पडू देत नाहीत, हे त्यांना काय सांगणार. आता थांबते. तेवढा वेळ फार मोठा वाटतो.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गेल्यापासून बागेत तू गायलीस की तुझ्या ओळीचं शेपूट मीच उचलायचे. यंदा बागेत कोण उचलतं? की मुकाट्यानेच वेचतेस?

तुझीच,
आनिक