तारेवरचा हात

३ तारीख, सोमवार

सामान लागलं! म्हणजे बायकोने लावलं, मी मागची खोली अडवून बसलो. खोली छोटी, खिडकी परसाकडे, रहदारीचा आवाज शून्य. भाड्याच्या घरात असं नशीब कुणाचं असतं? भिंतीला कपाट, खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी स्टँडवर माझी बास गिटार. वीस तारखेला ताईच्या घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, जीव वाचेल, आवाज नाही वाचणार. तिने तिची गाणी गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली. बाकीची वाद्यंही झाली, फक्त माझा बास राहिलाय. सगळं पुरं झालं की त्या गाण्यांबरोबर एकदा स्वतःच्या गळ्याने गायचं, एवढीच तिची इच्छा आहे. दोन दिवसांचं काम. मी आज मजेत आहे.

५ तारीख, बुधवार

मजा संपली. गिटारला केबल लावली की स्पीकरमधून भुणभुण. तारांवर हात ठेवला की थांबते, हात उचलला की पुन्हा सुरू, मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर पोरं करतात तशी. हे थोडंफार सगळ्याच गिटारींचं होतं, मान्य. पण इतकं? ताई जिथे श्वास घेते, बास जिथे गप्प असायला हवा, नेमकी तिथे ही बया बोलते.

७ तारीख, शुक्रवार

केबल बदलली. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला. ट्यूबलाइट, पंखा, वाय-फाय, सगळं बंद. दिशा बदलली की भुणभुण कमी होते म्हणतात, म्हणून गिटार गळ्यात अडकवून खोलीभर गरगर फिरलो. कपाटाकडे तोंड केलं की जरा कमी होते. म्हणजे आता कपाटाला नाक लावून वाजवायचं! शेवटी फ्रिज बंद केला आणि चालू करायला विसरलो. दूध नासलं. पुढच्या वेळी फ्रिजऐवजी मलाच बंद करणार आहे, असं बायकोने सांगितलं. डोकं नुसतं भणभणतंय. ताईचा रोज मेसेज येतो, झालं का रे? काय सांगू तिला?

१० तारीख, सोमवार

वायरमन आला. सॉकेट उघडून हसायलाच लागला. म्हणाला, तिसरं भोक नुसतं शोभेला आहे, मागे अर्थिंगची वायरच नाही. परसात खड्डा खणायचा, सामान आणायचं, आठवडा जाईल. मी हातापाया पडायचाच बाकी राहिलो. मग त्याने कपाट सरकवलं, तर कोपऱ्यात फरशीतून तांब्याची एक जुनी पट्टी वर आलेली. जमिनीत गेलेली दिसत होती. आधी तपासून घेऊ, असं तो म्हणत होता. मीच त्याला घाई केली, जोडून टाक म्हटलं.

भुणभुण गेली! आनंदाच्या भरात घरमालकाला फोन करून पट्टीबद्दल आभार मानले. तो म्हणाला, त्याने असली पट्टी कधी बसवलीच नाही. असेना का.

११ तारीख, मंगळवार

बास वाजवून झाला, सगळ्या गाण्यांचा. ताईला कळवलं, शुक्रवारी ये, मागच्या खोलीतच गाऊ.

आता तारांवरून हात काढला तरी शांत असतं. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात तिथे आहेच, असं मी बायकोला गमतीत म्हटलं. ती हसली नाही. संध्याकाळी सगळ्यात जाड तार छेडली, ती मध्येच थांबली. वरून बोट ठेवल्यावर थांबते तशी.

१२ तारीख, बुधवार

खोलीत पंखा फिरतोय, आवाज नाही. पट्टीची वायर सोडवायला गेलो. पक्कड निसटून फरशीवर पडली, तीही मुकी. मी शिवी हासडली. माझ्याच कानांवर आली नाही.

हाका मारूनही मी ओ देईना, म्हणून बायको ओरडतच धावत आली. खोलीत पाऊल टाकलं आणि आवाज मध्येच तुटला. तोंड हलत राहिलं. बाहेर आलो, तरी आमचा आवाज परत आला नाही. स्वयंपाकघरात आम्ही दोघं तोंडं उघडून एकमेकांकडे बघत उभे होतो. मला खूप भीती वाटली.

१३ तारीख, गुरुवार

बायको तिच्या भावाबरोबर डॉक्टरांकडे. मी थांबलो. लॅपटॉप त्याच खोलीत होता, त्याच सॉकेटवर. बाहेर आणून उघडला. पहिलं गाणं, आवाजाच्या लाटांच्या जागी सपाट रेघ. दुसरं, सपाट. सगळी. ताई कुठेच नाही. दुसरी प्रत ठेवली नव्हती. माझ्याइतका गाढव मीच. रडलो, त्यालाही आवाज नाही.

तिचा आवाज तिच्या गळ्यात आहे तेवढाच उरलाय आता. मेसेज केला, येऊ नकोस, ही खोली आवाज गिळते. तिचं उत्तर — तुझ्या थापा मला नवीन नाहीत, उद्या येतेच.

१४ तारीख, शुक्रवार

ती यायच्या आत पट्टी उपटायचीच. डाव्या मुठीत धरली. आता सुटत नाही. मी धरलीय असं वाटत होतं, पण — खालून बोटं आलीत. माझ्या बोटांवर. गार नाहीत. उजव्या हाताने लिहितोय. मोबाइल टेबलावर, हात पोचत नाही —

फाटक वाजलं. ताई. अंगणातूनच गुणगुणत येतेय. किती गोड —

ताई आत येऊ नकोस. मी वही वर धरलीय ती वाच. या खोलीत आवाज काढलास तर तो कधीच परत मिळणार नाही. मी गंमत करत नाहीये. हसू नकोस गं. दारातच थांब

डोळे बारीक का करतेस, चष्मा कुठे आहे तुझा

मोठं लिहितो

ताई गाऊ न