अक्का उलट्या गाडीत बसणार

१८ जानेवारी, रविवार
सकाळच्या एसटीनं आपल्या नगरकडच्या कर्जतला, तिथून अक्काच्या वस्तीवर. तिळगूळ नेला, तिच्यासाठी स्वेटर. दाजी गेल्यानंतरची तिची पहिली संक्रांत. दुपारी शेजारच्या बाया हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, मला. अक्का तिथंच तूर पाखडत बसलेली, तिच्याकडं कुणी मान वळवली नाही. म्हटलं डोकं दुखतंय, नाही येत.
त्या गेल्यावर अक्कानं मोबाईल पुढं केला. "हे बघ. हे खरं असतंय का कॉम्प्युटरवर केल्यालं?"
रुळावरची गाडी, उंच चढते, गर्रकन उलटी होते, माणसं किंचाळतायत. म्हटलं खरं आहे, असलं मोठं पार्क खोपोलीच्या बाजूला आहे.
"म्हंजी पैसं दिऊन माणसं उलटी व्हत्यात?"
"होतात की."
तिनं परत पाह्यलं. परत एकदा. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मला बसायचंय त्यात."
मला वाटलं थट्टा. पण नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईनं पहिल्यांदा मला पाहिजे म्हटलं, आणि ते हे!

१९ जाने.
पारनेरला परत. शाळा ठीक. रुचाला पुण्याला फोन केला, तर ही पोरगी हॉस्टेलमध्येच ओरडली. "आई, मावशी? आपली मावशी?" तिकिटं ती मोबाईलवरून काढणार. तारीख ठरली, ८ फेब्रु., रविवार. गाडी करायची, रुचाला पुण्यात उचलायचं. आपण तिघीच.
यांना विचारलं येता का. "मी घर सांभाळतो," इतक्या पटकन म्हणाले की हसू आलं.
एवढ्या वर्षांत शाळेच्या सहलींना किती गेले. रायगड, शिर्डी, वेरूळ. दर वेळी पोरं मोजत बसले, बघितलं काय ते आठवत नाही. या वेळी कुणालाही मोजायचं नाही. नुसतं बसायचं आणि ओरडायचं! चौथीला गणित शिकवताना आज दोनदा चुकले. पोरांनीच सांगितलं.

२३ जाने.
अडचण. रुचा म्हणते मोठ्या राइडला साडी चालत नाही, पदर अडकतो. अक्काला फोनवर सांगितलं.
"मग काय परकरावर बसू?"
"ड्रेस घालावा लागेल, अक्का."
मग हळूच, "रंग कंचा घ्यायचा?"

२५ जाने., रविवार
नगरला भेटलो. कापड बाजारात पहिल्या दुकानात ती दारातच उभी राहिली, आत येईना. "लेकीला बघताय का?" दुकानदार. मी म्हटलं नाही, हिला. त्यानं चकार शब्द न काढता मोठ्या मापाचे ड्रेस काढले. भला माणूस.
अक्कानं पिवळा उचलला. हळदीसारखा पिवळा. दाजी गेल्यापासून फिक्या रंगांशिवाय अंगाला काही लागलेलं नाही. माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं. घे की बाई.
आत जाऊन घालून आली. खांदे आखडलेले, मान खाली. आरशापुढं उभी राहिली, एक पाऊल टाकून बघितलं, मग जरा लांब पाऊल. मग हात खाली गेला.
"अगं, याला खिसा हाय!"
दुकानातली सगळी हसली, तीपण. खिशातून हात काढायलाच तयार नव्हती. मग उसाचा रस. तिनं दोन ग्लास घेतले.

२८ जाने.
रुचानं नियम वाचून दाखवले. ब्लड प्रेशर, हृदय, पाठ. अक्काला तिच्याकडच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. सगळं व्यवस्थित. "डॉक्टरीन म्हणली तुमी अजून ऊस तोडाल." मीही सहज म्हणून इथल्या डॉ.ना दाखवलं.
माझं प्रेशर वाढलेलं. गोळी चालू. मीठ कमी. "आणि मॅडम, ते उलटंसुलटं काही नको. तुम्ही खाली बसून फोटो काढा."
खाली बसून! सगळं ठरवलं मी, आणि मीच खाली!
संध्याकाळी यांनी पोहे केले, तेही अळणी.

२९ जाने.
राग ओसरला. लहान मुलांची आगगाडी असते म्हणे, तिच्यात बसेन. अक्काला सांगितलं तर म्हणते, "तू न्हाई तर मी बी न्हाई." बजावलं, नाटकं करायची नाहीत, रुचा बसेल शेजारी.

१ फेब्रु., रविवार
सागरचा फोन. अक्काचा थोरला, एरवी माझ्याशी कधी आवाज चढवत नाही.
"मावशी, हे काय चालवलंय तुमी? दादांचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. माझ्या सोयरिकीचं बोलणं चाललंय. लोक म्हणत्याल, नवरा गेला अन बाई ड्रेस घालून पाळन्यात बसायला निघाली."
मी म्हटलं, लोक म्हणजे कोण रे?
"लोक म्हंजी लोक!"
मग अक्काच्या हातात फोन. तिचा आवाज पार खाली. "जाऊ दे गं. रद्द कर. पोराच्या लग्नात इघ्न नको."
सागरचंही पोटतिडकीचंच. वडील गेले तेव्हापासून तो घरात हसलेला मी पाहिलेला नाही.

३ फेब्रु.
अक्काचा फोन नाही. रुचा म्हणते तिकिटं अजून रद्द करत नाही. शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी, नाच, ढोल. डोकं ठणकतंय.

५ फेब्रु., गुरुवार
मधल्या सुट्टीत अक्काचा फोन.
"शनवारी येतीय मी. दुपारच्या गाडीनं."
खुर्चीतून उठलेच. काय झालं, सागर काय म्हणाला?
म्हणाली, काल रात्री त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं. "म्हणलं, तुझा बाप असता तर बी तो आला नसता. जत्रेतल्या पाळन्याला नुसतं बघून चक्कर यायची त्याला. मी एकटीच बसले असते अन तो खाली माझ्या चपला धरून उभा ऱ्हायला असता. आता चपला धरायला कोन न्हाई, एवढाच फरक."
"मग?"
"मग काय. जेवला न्हाई. ताटावरनं उठला."
आणि वर, "पर मी येनार."
वर्गात गेल्यावर पोरांना उरलेला तास खेळायला सोडलं.

७ फेब्रु., शनिवार
आली! फाट्यावर आणायला गेले. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भाकरी, दशम्या. पार्कमध्ये बाहेरचं खायला चालत नाही म्हटलं तर, "मग गाडीत खाऊ. उलटं व्हायच्या आधी की नंतर, ते तू ठरव."
सागर दोन दिवस तिच्याशी बोललेला नाही. स्टँडवर सोडायलाही आला नाही, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर आली. हे सांगताना तिनं पिशवीची गाठ सोडली, बांधली, परत सोडली.
चहा झाल्यावर मात्र मोबाईल घेऊन बाजेवर. समोर ती गाडी वळण घेईल तशी ही बाजेवर डावीकडं झुकते, उजवीकडं झुकते, बाजेची दोरी गच्च धरून. हे दारातून बघत होते. "ताई, बेल्ट लावा," म्हणाले. अक्का इतकी हसली की ठसका लागला.
गाडी पहाटे येणार. रुचाचा दर तासाला मेसेज.

८ फेब्रु., रविवार
बाकावर बसून लिहितेय. पर्सा, पाण्याच्या बाटल्या, अक्काचा मोबाईल माझ्या मांडीवर. केवढं हे! फोटोत कळत नाही. रूळ बघायला मान पार मागं टाकावी लागते. डोक्यावरून गाडी गेली की बाक थरथरतो आणि वरून एकदम शंभर बायका ओरडल्यासारखं. दारातून आत आल्यावर अक्का नुसती माझा हात धरून चालत होती. लहान मुलांच्या आगगाडीत दोघी बसलो. मी ओरडले, ती नाही. उतरल्यावर म्हणाली, "ही आपली गावातली एसटी झाली. ती दाव."
आता ती आणि रुचा मोठ्या रांगेत. रांग लांबलचक, नागमोडी. पिवळा ड्रेस मधूनमधून दिसतो.
अक्काचा मोबाईल वाजला. सागर. घ्यावा की नको. घेतला.
"आई?"
"मी मावशी. आई रांगेत आहे."
"कसल्या?"
"मोठ्या गाडीच्या."
वरून गाडी गेली, तो आवाज त्याच्यापर्यंत गेला असणार.
"लई उंच हाय का?"
"आहे."
मी म्हटलं, बोलायचंय का तिच्याशी, पळत जाऊन देते.
"नको. पट्टा नीट बांधत्यात ना ते?"
"बांधतात."
"बरं." ठेवला नाही मात्र. मागं कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी पंप चालू केला. मीही ठेवला नाही. मोबाईल तसाच मांडीवर, चालू.
रांग सरकली. रुचानं हात हलवला. अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर, मागं वळून इकडंच बघतेय, चेहरा कळत नाही इतक्या लांबून, घाबरलीय की हसतेय. पण वळली, आणि वर चढली.