यादीत सगळ्यांत खाली

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा अडकले. तेही क्लायंटसमोर! अकराच्या मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं आणि चित्र थिजलेलं – दीड मिनिट. मग साहेबांचा फोन. "ऋजुता जी, घर से नहीं हो पा रहा तो रोज़ मोहाली आ जाइए ना." गोड बोलून गळा कापणं यांच्याकडून शिकावं. रोज मोहालीच्या ऑफिसला गेले तर ओजसला शाळेतून कोण आणणार? त्याचा पापा, अनिमेष, चंडीमंदिरच्या ड्युटीवरून सातच्या आत येत नाही. आणि आई दिवसभर एकटी.

अकरा वाजता घरात नेट कोण खातं ते मला माहीत आहे. आईचा स्पीकर. व्हिडिओ कॉलचा पडदा असलेला, मीच आणून दिलेला. बाबा गेल्यावर तिला कराडहून इकडे आणलं तेव्हा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी राउटरचं अ‍ॅप उघडलं. घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी असते त्यात. नावं ओजसने दिली आहेत, दिवाळीच्या सुट्टीत – त्याच्या टॅबवरही ते अ‍ॅप आहे. मम्मी ऑफिस, पापा, टीव्ही, नानी. नानी म्हणजे स्पीकर. जो यादीत वर, त्याला नेट आधी, उरलंसुरलं खालच्याला.

'मम्मी ऑफिस' सगळ्यांत वर ओढलं. मग 'नानी'वर बोट ठेवलं आणि ओढत खाली नेलं. पार तळाला. टीव्हीच्याही खाली! टीव्ही अडकला की ओजस बोंबलतो. आई बोंबलत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मीटिंग लोण्यासारखी झाली. साहेब – "बढ़िया!"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आई स्पीकरशी अहो-जाहो करते. "अहो बाई, नीलाला लावता का?" ओजस हसून लोळतो.

नीलामावशी तिची धाकटी बहीण. तिची सून शाळेत शिकवायला गेली की अकरा ते बारा कराडचं घर शांत असतं. तेवढ्यात दोघींचं शब्दकोडं. इथे मराठी पेपर मिळत नाही. म्हणून मावशी तिकडून पेपरातलं कोडं वाचते आणि आई पट्टी घेऊन वहीत चौकोन आखते – काळे कुठे, आकडे कुठे, सगळं ऐकून. मग एक विचारते, दुसरी सांगते, आणि मधेच अख्ख्या गावाची खबरबात. दिवसभरात आई मराठीत मोकळं बोलते ते तेवढंच. ओजस तिला हिंदीत उत्तरं देतो आणि मी – मी मीटिंगमध्ये असते.

आज दाराआडून तिचं नुसतं "हॅलो... हॅलो, नीले?" ऐकू येत होतं. मी हेडफोन घट्ट केले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज तिचा आवाज चढलेला. "आडवे सात काय म्हणालीस? परत सांग गं!" मग जरा वेळाने हळूच, "तुझं काही नाही गं. इथलं नेट झकास आहे. माझेच कान गेले बघ."

जेवताना मलाही तेच म्हणाली. कान गेले, वय झालं. त्या वेळी सांगायचं होतं. एवढंच – आई, कान नाही, मी. पण भात कालवता कालवता मी काय म्हणाले? "बघू, डॉक्टरला दाखवून येऊ."

लाज वाटते हे लिहितानाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी टाकली. आईला घेऊन सेक्टर ३२च्या कानाच्या दवाखान्यात. काचेच्या छोट्या खोलीत तिला बसवलं, कानाला ते मोठं यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. नऊवारी सोडून कुठल्याही साडीत अवघडणारी माझी आई शाळेच्या परीक्षेला बसावी तशी ताठ बसली होती. बारीकसा आवाजही चुकवला नाही तिने. मी काचेबाहेर. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

तपासणारी मुलगी म्हणाली, "आंटी जी के कान तो आपसे भी अच्छे हैं!"

आई हसली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मग नीलाचाच आवाज बसला असेल."

मी म्हणाले, "असेल."

असेल!! जीभ झडली कशी नाही माझी?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आई अंघोळीला गेली होती. तिची वही उघडी होती टेबलावर. तीन तारखेपर्यंतची सगळी कोडी भरलेली, तिच्या गोल अक्षरात. चारपासून चौकोन अर्धेमुर्धे. काही पानांवर तर नुसत्या रेघा, तारीख घालून. तरी रोज आखलेल्या.

दुपारी अ‍ॅप उघडून 'नानी' सगळ्यांत वर नेलं. माझ्याही वर. गेले मोहालीला तर गेले. आईला अजून सांगितलं नाही. उद्या नीट लागू दे, मग सांगेन, असं मनाला समजावलं. ती सहज राउटरवरची धूळ पुसत होती तरी मी फोन झटकन पालथा ठेवला. चोराच्या मनात चांदणं!

१९ नोव्हेंबर, बुधवार

माझी मीटिंग आजही लोण्यासारखी. आणि दाराआडून – "हॅलो? नीले?"

अ‍ॅप बघितलं. 'नानी' परत तळाला!

ओजस शाळेतून आल्या आल्या विचारलं. बूटसुद्धा काढले नव्हते त्याने. "नानी ने बोला था सुबह. मम्मी की मीटिंग है, मुझे वापस नीचे कर दे."

नानीला कसं कळलं?

"मैंने ही तो दिखाया था, मम्मा. जिस दिन आपने नीचे किया था, उसी दिन."

म्हणजे परवा त्या काचेच्या खोलीत आई बटण दाबत होती, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.