चाल पडली तेव्हा

पनवेल,
रविवार, २१ फेब्रुवारी १९६०

ती. तुळशीरामदादा यांस,
चंद्रावतीचा नमस्कार.

ज्याने फार सोसलं आहे, त्याला किती माफ करायचं? आठवडाभर मी स्वतःला हेच विचारते आहे. कॉलेजात आम्हाला नीतिशास्त्र होतं. तिथल्या प्रश्नांतल्या माणसांना नावं नसायची, म्हणून उत्तरं सोपी वाटायची.

हे पत्र तुमच्या गावचे गुरुजी तुम्हाला वाचून दाखवतील. गुरुजींना माझी विनंती आहे की एकही वाक्य गाळू नये आणि मध्ये थांबू नये. गेल्या चैत्रात तुमची बहीण, आमची भामावहिनी, तुमच्या दारात आली होती, तेव्हा ज्या शेजारणी ओटीवर जमल्या होत्या, त्यांनाही ऐकायला बोलवा.

आधी खुशाली. मी बरी आहे. शाळेत सातवीच्या मुलींची परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे घसा बसलेला असतो. वडाळे तळ्याजवळ मी घेतलेली खोली लहान आहे, पण उजेड चांगला येतो. भामावहिनी मागच्या रविवारपासून माझ्याकडे आहे. तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला आहे, प्लास्टर घातलं आहे. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईलच असं सांगता येत नाही. जासईला घरात ती पाट्यावर पडली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

चैत्रात तुम्ही तिला हाताला धरून जासईला परत आणलंत. माझ्या आईला म्हणालात, "तुमची वस्तू तुमी सांभाला." मी दारातच उभी होते. तुमचा राग मला कळला नाही असं नाही. तुमच्या कानावर जे आलं होतं, तेच आम्हा सगळ्यांच्या कानावर होतं. आमचा आनंदादादा चांद्याकडे कोळशाच्या कंपनीत हजेरीबाबू होता. तुम्ही बहीण दिलीत ती बाबूला दिलीत. मी वसतिगृहात मुलींना सांगायचे, माझा भाऊ कंपनीच्या कचेरीत आहे. त्याने पाठवलेल्या पैशांवर मी बी.ए. झाले. आपल्या भागातल्या आगऱ्यांच्या मुलींत बहुतेक पहिलीच.

मग अडीच वर्षांपूर्वी समारू नावाचा छत्तीसगढी माणूस जासईला आला. दादाच्या कंपनीतला. मुंबईला भावाकडे जात होता, वाट वाकडी करून आला. ओटीवर उभ्याउभ्याच आईला म्हणाला, "चाल गिर गई, माई. आनंदा दब गया. जिंदा है." पाणी प्यायला आणि गेला.

तुळशीरामदादा, आपल्याकडे ळ नाही. डोळ्याला आपण डोला म्हणतो, काळ्याला काला, चाळीला चाल. कॉलेजात माझ्या या ल ला मुली इतक्या हसल्या की मी आरशासमोर उभी राहून ळ शिकले. पण समारू आला तेव्हा घरात मी नव्हते, आणि असते तरी वेगळं काही ऐकलं नसतं. आईने ऐकलं की दादा राहत होता ती चाळ पडली. संध्याकाळपर्यंत गावाने ऐकलं, आठवड्यात तुमच्या चिरनेरने ऐकलं. मग चार महिन्यांनी दादाला खाटेवरून आणला. कमरेखाली सगळं निर्जीव. आणि मागून वहिनी चालत आली, धडधाकट.

तेव्हापासून बायका मिठागरावर, विहिरीवर, सगळीकडे एकच बोलू लागल्या. चाल परली नि नवरा चेपला, मग बायकोला ओरखरा कसा नाय? घरात व्हती का? घरात नव्हती तर कोनाच्या घरात व्हती?

वहिनीने कधी उत्तर दिलं नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असं आईने ठरवलं. जेवण उशिरा झालं तर मारायची, लवकर झालं तर कुठं जायची घाई आहे म्हणून मारायची. लाकडाने, फुंकणीने, एकदा गरम कालथ्याने. त्याचा डाग तुमच्या बहिणीच्या पाठीवर आहे, येऊन पाहा. ती चिरनेरला पळाली ती त्यानंतर.

मागच्या रविवारी मी जासईला गेले होते. आमचे चुलते दाजीकाका आले होते, आणखी चार माणसं ओटीवर होती. दादा भिंतीला टेकून चटईवर बसला होता. वहिनी त्याच्या शेजारीच पाट्यावर मसाला वाटत होती. दाजीकाकांना थट्टेशिवाय बोलता येत नाही. बिडी पेटवून म्हणाले, "काय बाबूसाहेब, कंपनी बंगली देनार व्हती ना? चाल कशी दिली? नि चाल पन काय शानी, नेमकी नवऱ्यावर परनारी."

माणसं हसली. आई आतून म्हणाली, "चालीला काय बोलता? बायको घरात नसंल तर चाल परंल कोनावर?"

हा विषय निघाला की दादा नेहमी भिंतीकडे तोंड करायचा. त्या दिवशी त्याने तोंड फिरवलं नाही. तोही हसला. म्हणाला, "मी चालीखाली व्हतो. ही कुठं व्हती ते हिलाच इचारा."

वहिनीचे हात थांबले. तिने पदराने घाम पुसला आणि त्याच्याकडे बघितलं. मग वळून दाजीकाकांना म्हणाली, "मामंजी, ती चाल घरांची नाय. खानीत डोक्यावर दगर आसतो, छपरासारखा, त्याला तिकरं चाल म्हनतात. ह्ये बाबू नव्हते. ह्ये खाली व्हते. बायांना खाली सोरत नाय, म्हनून मी वर व्हते. आता हसा."

कोणी हसलं नाही. दाजीकाका दादाला म्हणाले, "म्हंजे? तू हजेरी नाय घेत व्हतास?"

मग ती पडली.

तुळशीरामदादा, मला इथे थोडं थांबू द्या आणि ती आठवडाभरात मला जे सांगत आली ते आधी सांगू द्या. लग्नानंतर ती चांद्याला गेली त्याच दिवशी तिला कळलं होतं की तो खाली काम करतो. तो वर आला तेव्हा डोळे सोडून सगळा काळा होता आणि तिने त्याला ओळखलं नाही. त्याने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, की घरी कोणाला सांगायचं नाही. मॅट्रिक नापास झालेला मुलगा बाबू होऊन परत येणार, असं तो गावाला सांगून गेला होता.

खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात, वरचा दगड तोलून धरायला. शेवटी तेही काढतात आणि तात्पुरते लाकडाचे टेकू लावतात. मग टेकू पाडायचे आणि चाल मुद्दाम खाली येऊ द्यायची. टेकू पाडायचं काम आमच्या दादाचं. मोडण्याआधी लाकूड करकरतं. ते ऐकलं की पळायचं. त्या दिवशी लाकूड करकरलं नाही. खळ्याएवढा दगड एकसंध खाली आला.

दादाचं धड बाहेर राहिलं आणि कंबर, मांड्या दगडाखाली गेल्या. त्याच्याबरोबर टेकू पाडणाऱ्या जोडीदाराचं उलट झालं. त्याचे फक्त पाय बाहेर राहिले, दादाच्या तोंडासमोर, आणि ते हलत होते. दादाचा हात तिथे पोचत होता. त्याने ते पाय धरले. पाय लाथा मारत होते, याच्या छातीवर, गळ्यावर, आणि याने सोडले नाहीत. मग ते थांबले. याने तरीही सोडले नाहीत. भोंगा वाजला तेव्हा वहिनी चुलीवरची भाकर तशीच टाकून खाणीच्या तोंडाशी धावली. तिथे सगळ्या बायका उभ्या होत्या आणि प्रत्येक बाई मनात म्हणत होती, माझा नको, हिचा असू दे. हे वहिनीने मला स्वतः सांगितलं. दादाला कोळसा वाहणाऱ्या डब्यात घालून वर आणलं तेव्हा त्याच्या मुठी उघडत नव्हत्या. जोडीदाराला पोत्यात आणलं. त्याच्या बायकोला पोतं उघडू दिलं नाही. ती वहिनीच्या अंगावर धावून आली आणि तिचे केस उपटले, तुझा नवरा जिवंत का म्हणून.

तर चाल पडली तेव्हा ती कुठे होती, हे तुम्हाला कळलं. चिरनेरलाही कळू द्या.

आता मागच्या रविवारचं. ती पडली नाही.

दाजीकाकांनी विचारलं आणि दादाने पाट्यावरचा वरवंटा उचलला. पायांत जीव नसला तरी त्याच्या हातांत दोन माणसांची ताकद आहे. वहिनी उठेपर्यंत आईने बाहेर येऊन मागून तिचे केस धरले होते. आई म्हणाली, "आता बोल. बोल अजून." वहिनीने डोकं वाचवायला हात वर केला. पहिला घाव हातावर बसला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. दुसरा कानामागे. मसाल्याच्या लाल पाण्यात रक्त मिसळलं, कोणतं काय ते कळेना. मी दादाच्या मनगटाला लोंबकळले, त्याने मला झटकून उंबऱ्यावर फेकलं आणि तिसरा घाव घातला, तो तिच्या खांद्यावर. तो ओरडत नव्हता. वरवंटा शांतपणे वर जायचा आणि खाली यायचा. त्याचे डोळे मी आजवर असे पाहिले नव्हते. मला वाटतं तो तिला पाहतच नव्हता. पण हे मला वाटतं. तिच्या हाताला ते कळणार नाही.

ओटीवरची माणसं बसून राहिली. दाजीकाकांची बिडी चालूच होती. शेवटी म्हणाले, "अरे बस कर. मरंल."

मी तिला एस.टी.ने पनवेलला आणलं. आईही बरोबर आली, काळजीने नाही, मी काय बोलते ते ऐकायला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "पाट्यावर परली." डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी होकारार्थी मान हलवली. हीच मान मी रोज वर्गात ताठ ठेवून मुलींना खरं बोला म्हणून सांगते.

मंगळवारी आई पुन्हा आली. कोळंबी घेऊन आली होती. वहिनीकडे तिने बघितलं नाही. मला म्हणाली, "चंदी, त्याच्या जिवावर तू शिकलीस. तो खाली दगराखाली व्हता नि तू वर पुस्तकं वाचत व्हतीस. आता पांगल्याला अजून काय मारतेस?"

मी म्हटलं, "मी मारत नाही, आई."

"मग तिला पाठव. घरात कोन करनार त्याचं?"

ते तिचं खरं होतं. दादाचं अंग पुसायचं, त्याला कुशीवर वळवायचं, घाण काढायची, हे सगळं दोन वर्षं वहिनीच करते आहे. आई म्हातारी आहे. मी माझ्या भावाला दोन दिवस मनात वळवून वळवून पाहिलं. एका बाजूने तो त्या खाणीत मेलेल्या माणसाचे पाय धरून पडलेला दिसतो. दुसऱ्या बाजूने तो ओटीवर हसताना दिसतो. माझा राग त्याने घाव घातला म्हणून नाही, तुळशीरामदादा, घाव त्याच्या हातून निसटले असतील. पण ती कुठे होती हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं. दोन वर्षं तो चटईवरून तिला मार खाताना बघत होता, आणि एका शब्दाने थांबवू शकत होता. तो शब्द बोलण्यापेक्षा बाबू राहणं त्याला बरं वाटलं. ते काही दगडाने केलं नाही.

तुमचे वडील जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले, हे वहिनी अजून अभिमानाने सांगते. तुम्ही तिला परत नेऊन सोडलंत, हे ती कोणालाच सांगत नाही. तिला न्यायला येऊ नका. भेटायला या. आलात की, हे पत्र ऐकून त्या ओटीवरच्या बायकांसमोर काय बोललात ते सांगा.

गुरुवारी मी वहिनीला विचारलं, "पोलीस ठाण्यात जाऊ या का?" तिने डोकं फिरवलं आणि म्हणाली, "ह्या कानात सांग." मी उजव्या कानात पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "तुजा भाऊ हाय तो." मी म्हटलं, "हो." मग ती प्लास्टरवरचा धागा ओढू लागली. "शपथ तर मोरलीच," ती म्हणाली. "चल."

आधी दवाखान्यात गेलो. मी डॉक्टरांना सांगितलं की ती पडली नव्हती, आणि त्या दिवशी मी खोटी मान हलवली. मग ठाण्यात गेलो. मी जबानी दिली. मारणारा आनंदा, माझा सख्खा भाऊ. केस धरणारी माझी आई. बघणारे दाजीकाका आणि इतर चौघे, सगळ्यांची नावं घातली. हवालदारांनी लिहिता लिहिता हात थांबवला. म्हणाले, "बाई, त्याला चालता येत नाही म्हणता. मग आणायला खाट पाठवू का?"

मी म्हटलं, "पाठवा."

वहिनीने खाली डावा अंगठा उमटवला, तिच्या शेजारी मी सही केली. काल दुपारी पोलीस खाट घेऊन जासईला गेले आणि त्याला घेऊन आले.

भामाची साक्षीदार,
चंद्रावती