वास

४ ऑगस्ट
डेअरीच्या डॉकवर सकाळची पाळी. गावागावांतून आलेल्या दुधाच्या कॅनचं झाकण उघडायचं, वाकायचं, एक श्वास. पास, नाहीतर बाजूला. यंत्राच्या आधी माझं नाक. म्हणून साबणही बिनवासाचा, गजरा नाही. डेअरी कॉलेजपासूनची सवय.
संध्याकाळी रंकाळ्यावर संग्राम. "तुझ्याजवळ बसलं तर कायच वास येत न्हाय बघ. भिताडाला टेकल्यागत वाटतंय." हसला. मीही.
घरी येऊन मनगट हुंगलं. खरंच काही नाही.

९ ऑगस्ट
महाद्वार रोडवर मोगऱ्याचं अत्तर घेतलं. फक्त सुट्टीला लावायचं. तो मानेपाशी थांबला. "आता कशी बाई वाटालीस!"
म्हणजे आजवर मी...

१७ ऑगस्ट
आता रोज लावते. पाळीआधी धुते, केसांत राहतंच. संग्रामचा रुमाल ॲप्रनच्या खिशात. दोन कॅनच्या मध्ये हुंगते.
पाळीप्रमुख सुलभाताई, सगळ्यांदेखत: "का गं पोरी, दुधाच्या गाडीतनं फुलं आली काय?" सगळे हसले. उद्यापासून बंद, असं ठरवलं. ठरवणं मला जमतं.

२२ ऑगस्ट
आंबलेला कॅन पास केला. टाकीत जाण्याआधी लॅबने अडवला. सुलभाताईंनी माझ्यासमोर परत उघडला.
"घे वास. काय येतंय?"
वाकले. "चांगलं आहे, ताई."
शेजारचा हमाल नाक दाबून उभा होता.
एक तारखेला माझी वासाची परीक्षा. नापास झाले तर मला डॉक बंद. तोवर अंगाला काही लावायचं नाही.

२५ ऑगस्ट
परवा संग्रामला सांगितलं. "सोड की मग. हुंगायचा पगार घेतीस, लोकांस्नी सांगायला तरी बरं वाटतंय काय?" थट्टाच असेल. त्यानंतर फोन नाही. मी सतरा कारणं काढली, सगळी माझ्याच चुकीची.

२९ ऑगस्ट
अत्तर बंद, रुमाल घरी. आज वाफेने धुतलेला रिकामा कॅन उघडला. त्यातही तोच मोगरा. आधी मला ताक, धूर, ओला चारा, सगळं वेगवेगळं कळायचं. त्या आधीच्या मुलीचा हेवा वाटतो. परत मात्र तिच्यासारखं बिनवासाचं व्हायचं नाही.

३१ ऑगस्ट
उद्या सकाळी परीक्षा. आत्ता त्याचा फोन. "खाली गाडी घेऊन थांबलोय. येतीस न्हवं?" नाही म्हणाले. ठेवलाही. तो अजून हॉर्न वाजवतोय.
आई स्वयंपाकघरातून: "कोण गं ते? कान किटले."
केस विंचरून झालेत. येणार नाही, एवढंच सांगायला खाली जातेय.