पाळकसाहेबांच्या चिठ्ठ्या

रविवार, ४ फेब्रुवारी

परत चिठ्ठी! चर्चमधली उपासना संपली, मंडळी बाहेर पडली आणि पाळकसाहेबांनी आपल्या ओलसर हाताने ती माझ्या तळव्यात दाबली. तोंडात पेपरमिंट. ते एका गालातून दुसऱ्या गालात सरकवल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. 'छान, बेटा. चालू ठेव.' मला हात कधी धुते असं झालं होतं.

चिठ्ठीत — 'शिंपीणबाईंनी आज मान वर केली. सुतार जागा होता.'

एवढंच. आठवडाभर डोकं फोडून उधळ्या पुत्रावर उपदेश लिहिला, त्याबद्दल चकार शब्द नाही. दीड वर्ष यांच्या हाताखाली उमेदवारी करतेय, दीड वर्ष हेच. माझा उपदेश म्हणजे काय हजेरीपट आहे?

मंगळवार, ६ फेब्रुवारी

टेबल डुगडुगत होतं. सगळ्या चिठ्ठ्यांची घडी करून पायाखाली घातली. पहिल्यांदाच त्यांचा काही उपयोग झाला.

रविवार, ११ फेब्रुवारी

त्यांची खुर्चीसुद्धा अशी, की तोंड मंडळीकडे आणि पाठ माझ्याकडे. मी बोलते तेव्हा मला दिसतं ते त्यांचं टक्कल आणि कॉलरवरचा कोंडा. यांच्याकडून मी पाळक व्हायला शिकायचं!

आजची चिठ्ठी — 'उपदेशानंतर मागच्या बाकावरच्या सासूसुना एकाच गीतपुस्तकातून गायल्या.' आईला दाखवली. ती म्हणाली, 'चांगलं लिहिलंय की.' मी म्हटलं, 'यात माझं काय आहे?' तिने चष्मा काढला आणि भाजी निवडायला बसली.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आल्या आल्या लिहायला बसले.

दुपारी त्यांच्या खोलीत गेले. शेगडीवर शिटीची किटली कोकलत होती, बाहेर अंगणापर्यंत ऐकू येत होती. साहेब तिच्यापासून दोन हातांवर, दाराकडे पाठ करून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत होते. मी मागून हाक मारली. दोनदा. मग काय सुचलं कोण जाणे, नेहमीच्या आवाजात म्हटलं, 'तुम्ही ढोंगी आहात.' ते पुढचं नख कापत राहिले.

पाणी आटलं, किटली जळल्याचा वास सुटला, तेव्हा कुठे गडबडून वळले. मला पाहून चेहरा फुलला. 'ये बेटा, कधी आलीस?' नजर माझ्या ओठांवर. डोळ्यांवर नाही, ओठांवर.

ठार बहिरा आहे हा माणूस.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

चर्चच्या राखणदाराला खोदून खोदून विचारलं. 'दोन वर्षं झाली, ताई. कुणाला बोलू नका. घरी बसवतील त्यांना.'

दोन वर्षं. मी येऊन दीड. म्हणजे माझा एकही उपदेश यांनी ऐकलेला नाही! आणि दर रविवारी 'छान'. तो 'छान' मी वेडी पदरात बांधून घरी आणत होते. त्यांच्या ओल्या हाताची किळस येतेच, पण आज शिसारी आली ती त्या शब्दाची. दोन घास जेवले नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

शुक्रवारी पाळकपदाच्या दीक्षेसाठी समितीपुढे जायचंय. साहेबांनी शिफारसपत्र पाकिटात घातलं, माझ्यासमोर कडेवरून जीभ फिरवली आणि चिकटवलं. 'तूच नेऊन दे.' दोन बोटांत धरून आणलं. आत काय असणार ते माहीत आहे.

अशा खोट्यावर मला पाळक व्हायचं नाही. मीही समितीला पत्र लिहिलं — यांना ऐकू येत नाही, यांच्या शिफारशीला अर्थ नाही, आणि मंडळी यांच्या हाती ठेवू नये. आईने ते वाचलं. 'खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?'

'खरं तेच लिहिलंय.'

'मग त्यांच्या तोंडावर सांग की.'

दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत ठेवली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

समितीच्या कचेरीत दोन्ही देऊन आले. हलकं वाटतंय.

शुक्रवार, १ मार्च

समितीच्या अध्यक्षबाईंनी माझं पत्र आधीच वाचलेलं होतं. ते त्यांनी पालथं ठेवलं. साहेबांचं मात्र मोठ्याने वाचून दाखवलं.

'मला दोन वर्षं ऐकू येत नाही. हे मी लपवलं, ही माझी चूक. मला कामातून मोकळं करावं. या मुलीचा एकही उपदेश मी ऐकलेला नाही, म्हणून तो कसा असतो हे मी सांगू शकत नाही. मी ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहतो. मुलगा गेल्यापासून आमच्या शिंपीणबाईंनी चर्चमध्ये मान वर केली नव्हती. माझ्या बोलण्याने ते कधी झालं नाही. हिच्या बोलण्याने झालं.'

बाईंनी कागद मिटला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चपलेला काही लागलंय का पाहावं, तसं. 'दोघांचंही मागणं मंजूर,' म्हणाल्या. 'त्यांना रजा, तुम्हाला दीक्षा.'

घरी येऊन टेबलाखालच्या चिठ्ठ्या काढल्या. टेबल हलतंय, म्हणून अक्षर असं.

रविवार, ३ मार्च

साहेब चर्चच्या दारात उभे होते. आई म्हणाली होती, तोंडावर सांग. सांगितलं. पण मान फिरवून, ओठ दिसणार नाहीत अशी. माझं पत्र, शब्द न् शब्द.

संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळले. 'छान, बेटा. चालू ठेव,' म्हणाले आणि खिशातून पेपरमिंट काढून पुढे केलं.

मी ते खाल्लं.