त्या संध्याकाळी पाणी उतरवायचं राहिलं

होरोकानाइ,
१९ जानेवारी

प्रिय मिसाओ वहिनी,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुमच्याकडे कागोशिमाला आता मोहरीची पिवळी फुलं आली असतील. इथे कालच्या बर्फात बागेचं कुंपण पुरतं गडप झालं, म्हणजे सगळं नेहमीसारखंच चाललंय. तू पाठवलेली संत्री पोचली. काही वाटेतच गोठली होती, ती तशीच चमच्याने कोरून खाल्ली. आइसक्रीम झक मारेल! तुझा गुडघा कसा आहे? आणि दादा? अजून सकाळी अंगणातली ज्वालामुखीची राख झाडताना डोंगराला शिव्या घालतो का?

हे पत्र त्याला दाखवू नकोस. निदान तुझं पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नको.

आपल्या स्वयंपाकघरातला पाइप फुटला.

चला, लिहून टाकलं एकदाचं. आता तू कपाळाला हात लावला असशील, हे मला इथून दिसतंय. कारण आईच्या वर्षश्राद्धाला दादाने मठातल्या गुरुजींसमोर माझ्याकडून काय वदवून घेतलं होतं, ते तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस. "घर म्हातारं झालंय, इकुए. तूही तरुण राहिली नाहीस. विकून टाक आणि आमच्याकडे ये," असं त्याचं चाललं होतं. मीही हट्टाला पेटले आणि म्हणाले, "ज्या हिवाळ्यात पाइप फुटेल, त्या हिवाळ्यात विकेन. तोवर या घराचं नाव काढायचं नाही." तेव्हापासून थंडीची लाट आली की याचा फोन हजर. ना कशी आहेस, ना जेवलीस का. पहिलं वाक्य, "पाणी उतरवलंस?"

तू दक्षिणेतली, तुला नळ म्हणजे फक्त नळ. इथे जुन्या घरात झोपायच्या आधी ओट्याजवळची मूठ फिरवून बाहेरून येणारं पाणी बंद करायचं, मग घरातले सगळे नळ उघडे टाकायचे. हवा आत शिरते आणि पाइपातलं उरलंसुरलं पाणी गुळगुळ करत जमिनीखाली उतरून जातं. रिकामा पाइप कितीही गारठला तरी फुटत नाही. काम दोन मिनिटांचं. आई गेली त्या रात्रीसुद्धा मी ते विसरले नव्हते.

आणि परवा विसरले. डोकं दुखत होतं, लवकर आडवी झाले, राहून गेलं.

सकाळी नळ सोडला तर टिपूस नाही. पाइप नुसता गोठला होता, फुटला नव्हता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. जुने टॉवेल गुंडाळायचे, त्यावर कोमट पाणी थोडं थोडं ओतायचं आणि धीर धरायचा. रस्त्यापलीकडे 'नळ गोठला!' अशा हाका मारून मी टॉवेल शोधत होते, तेवढ्यात तोकाशिकी आले.

तोकाशिकी म्हणजे रस्त्यापलीकडच्या जुन्या मास्तरांच्या घरात भाड्याने राहतात ते. मागे फोनवर मी तुला एकदा सांगितलं होतं. ओकिनावाकडच्या मियाको बेटावरचे. सगळा जन्म मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक हिवाळा बर्फ बघायला म्हणून आले आणि राहिलेच. हायवेवरच्या दुकानात मी कुट्टूच्या पिठाच्या शेवया करते, तिथेच शेजारच्या कढईत ते काळ्या गुळाचे गुलगुले तळतात. माणूस लाख, पण थंडीतलं त्यांना काडीचं कळत नाही. पहिल्या वर्षी ओले मोजे बाहेर दोरीवर वाळत घातले होते, ते दोन दिवस लाकडासारखे उभे होते.

तर माझ्या हाकांनी ते धावत आले ते थेट उकळती किटली घेऊनच. "इकुएसान, सरका!"

"अहो नको, नको...!"

माझं 'नको' संपायच्या आत किटली रिकामी. भिंतीतून ठण्ण आवाज आला. मग क्षणभर शांतता. मग वहिनी, असं कारंजं उडालं म्हणतेस! तोकाशिकींनी आधी एक हात लावला, मग दोन्ही, मग डोक्यावरची लोकरीची टोपी त्यात कोंबली, आणि नखशिखांत भिजून त्या पाइपाचीच माफी मागायला लागले. "चुकलं माझं, चुकलं, जरा थांब ना रे!"

मला फक्त मूठ फिरवायची होती. पण हसून हसून मला उभंच राहता येईना. पाण्यात बसून हसत होते. खिडकीतून शेजारच्या ओनोदेरा आजींनी डोकावून विचारलं, "इकुए, नळाला मिठी मारून कोण उभंय गं?" म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलंच.

प्लंबर येऊन फुटका तुकडा बदलून गेला. पाइप गोठू नये म्हणून तापवणारी तार उन्हाळ्यात भिंत उघडून बसवू म्हणाला.

इथे पत्र संपवणार होते. चहा केला, परत वाचलं, आणि आता पुन्हा लिहायला बसले आहे.

वहिनी, डोकं दुखत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दोघं तलावावर मासे धरायला गेलो होतो. गोठलेल्या पाण्यावर तंबू, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ, मधे छोटी शेगडी. बोटाएवढे मासे निघत होते आणि तोकाशिकी ते तिथेच पिठात बुडवून तळत होते. दिवसभर इतकं बोललो की आवाज बसला. मग ते कढईकडे बघतच म्हणाले, "इकुएसान, माझ्या घराला रॉकेल फार लागतं."

"जुनं घर आहे, लागणारच."

"तुमच्याही घराला फार लागतं."

"लागतं."

"दोन घरं तापवण्यापेक्षा... एकच तापवलं तर?"

मला पहिल्यांदा खरंच वाटलं, हे रॉकेलबद्दलच बोलतायत. मग त्यांचे कान बघितले. लाल! मी म्हटलं, "आधी तो मासा उलटा, करपतोय." त्यांनी मुकाट्याने उलटला. मग मी हो म्हटलं.

घरी आले ती कशी आले, काय खाल्लं, कधी झोपले, काही आठवत नाही. पाणी उतरवायचं असतं हेच डोक्यातून गेलं. एकसष्ट वर्षांची बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी आढ्याकडे बघत पडले होते. म्हणून पाइप गोठला. एवढंच खरं कारण.

आता मी काय करू? दिलेला शब्द मोडणारी मी नाही. पण तिकडे येववत नाही आणि ते सांगायला दादासमोर तोंडही उघडवत नाही. लहानपणापासून तो माझ्या बाजूने उभा राहिला आहे. माझ्यासाठी त्याने तिकडे खोलीसुद्धा रंगवून ठेवली आहे, हे तू मला कधी सांगितलं नाहीस, पण मला माहीत आहे. त्या खोलीला नाही म्हणायचं म्हणजे त्यालाच नाही म्हटल्यासारखं होईल.

तूच सांग त्याला. पोट भरलेलं असताना सांग.

तुझी,
इकुए


होरोकानाइ,
१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सांगितलंस ना! आणि दादा दुसऱ्याच दिवशी विमानात! काल तो परत गेला. घरी पोचून 'बरं आहे सगळं' एवढं बोलून पेपर उघडून बसला असेल, म्हणून इथे काय काय झालं ते मीच लिहिते.

माणूस शहरातले गुळगुळीत बूट घालून आला. बसमधून उतरला आणि पहिल्याच पावलाला पाय वर. आपटणार, तेवढ्यात मागून कोणीतरी बखोटीला धरलं.

"आभारी आहे," दादा कोट झटकत म्हणाला. "आपण कोण?"

"मी तोकाशिकी." वाकून नमस्कार. "पाइप फोडणारा."

घरी आल्यावर दादाने कोट न काढता भिंतीला कान लावून एकेक पाइप टकटक वाजवून बघितला, डॉक्टर पाठ वाजवतो तसा. मग मला म्हणाला, "बॅग भर." मी म्हटलं, "आधी जेव." दोन दिवस हेच चाललं. तो म्हणायचा बॅग भर, मी म्हणायचे जेव, आणि तोकाशिकी रोज संध्याकाळी काहीतरी झाकून आणायचे आणि दारातूनच परत जायचे. तिसऱ्या दिवशी दादाने जेवणात त्यांनी आणलेलं डुकराचं मटण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग म्हणाला, "हे बनवणारा दारातून परत का जातो? या घरात काही रीतभात आहे की नाही?"

म्हणजे माझीच चूक!

तोकाशिकी आत आले ते बेटावरची तांदळाची दारू घेऊन. दादाने तुमच्याकडची रताळ्याची बाटली बाहेर काढली. तांदळाची श्रेष्ठ की रताळ्याची, यावर अशी जुंपली की विचारू नकोस. दोघांनी एकमेकांची चाखून 'ठीक आहे' असं मोठ्या मनाने कबूल केलं. तोकाशिकींनी त्यांचं तीनतारी वाद्य काढलं. दादा गायला, वहिनी! आपला दादा! लग्नात तुझ्या वडिलांनी हात जोडले तरी जो गायला नाही, तो. गाताना टेबलही बडवत होता.

झोपायला जाताना मी ओट्याकडे वळले तर मला बाजूला सारून म्हणाला, "पाणी मी उतरवणार. बाबांच्या वेळी या घरात ते काम माझं होतं." मूठ फिरवली, हात झटकले, झोपायला गेला. मी निश्चिंत.

सकाळी पारा उणे सत्तावीस आणि नळाला टिपूस नाही. पठ्ठ्याने मूठ फिरवली होती, पण नळ उघडे टाकायचे विसरला होता. पाणी होतं तिथेच बसून राहिलं आणि गोठलं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. अख्ख्या जन्मात इतका ओशाळलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

आणि मग लगेच ओरडला काय? "किटली! उकळतं पाणी आणा!"

"नाही!" दारातून तोकाशिकी गरजले. "कोमट! टॉवेल आणि कोमट! आणि नळाच्या टोकाकडून सुरुवात!"

मी हसू दाबायला तोंडात टॉवेल कोंबला.

दोघेही ओट्याखाली शिरले, एक या बाजूने, एक त्या बाजूने. बाहेर नुसते चार पाय. एकाने टॉवेल धरायचा, एकाने केस वाळवायचं माझं यंत्र. मी कोमट पाण्याची भांडी पुरवत होते. बराच वेळ नुसती घरघर. मग दादाचा आवाज आला. त्याला वाटलं असावं मी आत गेले आहे.

"मी फोन करायचो ना, पाणी उतरवलंस का म्हणून. पाइपासाठी नव्हता तो. फोन उचलला की कळायचं, बरी आहे. दुसरं काय विचारायचं ते मला सुचायचं नाही."

तोकाशिकींनी टॉवेल पिळून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "यापुढेही करा. आम्ही दोघंही उचलू."

भांडं हातात धरून मी तशीच उभी होते. पाणी गार झालं, ते पुन्हा तापवायला गेले. डोळेही तिकडेच पुसले.

पाइप मोकळा झाला तेव्हा नळातून आधी हवा फुरफुरली, मग गढूळ धार, मग स्वच्छ. फुटला नाही! दोघे धूळ-जळमटांनी माखून बाहेर आले आणि एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले.

चहा घेताना मात्र दादाने विषय काढलाच. "पाइप फुटला तर घर विकायचं ठरलं होतं. गुरुजींसमोर ठरलं होतं."

मी काही बोलायच्या आधी तोकाशिकी खाली बसून गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "ठरलं होतं. पण इकुएसाननी काही फोडला नाही, मी फोडला. त्या बोलीत मी नव्हतो."

दादाने खूप विचार केल्यासारखं केलं. "खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "मग घर कशाला, तुम्हालाच विकायला हवं. पण या वयात तुम्हाला घेणार कोण?"

"मी घेते," मी म्हटलं. म्हणजे तोंडातून निघूनच गेलं. दादा इतका हसला की चहा नाकातून आला. मग हसता हसता मान वळवून खिडकीबाहेर बघत बसला आणि बराच वेळ आमच्याकडे बघेना.

त्या खोलीचं मी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "असू दे. हिवाळ्यात दोघं मिळून राहायला या. मात्र निघताना पाणी नीट उतरवून या." घर महिनाभर बंद ठेवायचं तर काय काय करायचं ते मग दोघांना समोर बसवून त्याने शिकवलं. हे म्हणजे जरा अतीच झालं, पण मी ऐकून घेतलं.

काल त्याला सोडायला बस थांब्यावर गेलो. इतके दिवस त्यांचं एकमेकांशी 'अहो तोकाशिकी, तुम्ही' आणि 'अहो, आपण' असंच चाललं होतं. दादाचे कान लाल झाले म्हणून तोकाशिकींनी स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर बसवली. बस आली. बॅग वर चढवली. दादा पायरीवर चढला आणि मागे न बघता ओरडला,

"अरे, उघड्या डोक्याने काय उभा राहिलास? घरी जा! तू आजारी पडलास तर हिच्याकडे कोण बघणार?"

दार बंद झालं. बस गेली.

मी विचारलं, "ऐकलंत?"

"काय?"

"दादा तुम्हाला 'अरे' म्हणाला."

बर्फात रस्त्याच्या मधोमध ते थांबले. केसांवर बर्फ साठत होता तरी हलेनात. मग हळूच म्हणाले, "कसे म्हणाले ते जरा म्हणून दाखवाल?" मी दादाचा आवाज काढून म्हणून दाखवलं. वळणावर पोचल्यावर पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

लग्न जूनमध्ये, लायलॅक फुलतो तेव्हा. तुझा गुडघा दुखत असला तरी ये. गावचा रस्ता तेव्हा कोरडा असतो, आणि स्वयंपाकाला बोटीवरचा माणूस आहे, तुला काही करावं लागणार नाही. दादा त्यांना 'अरे' म्हणू दे, त्याचा तो हक्क आहे. मी मात्र 'अहो'च म्हणणार. आजवर तसं शेजाऱ्याला म्हणत होते. जूनपासूनचं 'अहो' निराळं. आज सकाळी कोणी नाही असं बघून एकदा म्हणून पाहिलं. रस्त्यापलीकडून लगेच ओ आली.

आम्हा दोघांचा नमस्कार,
इकुए